साडूच्या सर्व्हरवरचं घर

माझ्या मावशीच्या नवऱ्याला ऑफिसात सगळे दोनाक्षरी म्हणतात. तोंडावर 'दोनाक्षरीसाहेब', पाठीमागे नुसतं 'दोनाक्षरी'. मी दोन्हीकडे काका म्हणतो. हे नाव त्यांना कौतुकानं मिळालं की चिडवायला, यावर ऑफिसात अजून एकमत नाही. काका ते कौतुकच धरून चालतात. कुणी टोमणा मारला तरी त्यातला गोडवा चाखून मग टोमणा थुंकून टाकायचा, ही त्यांची जुनी सवय.

आमचं काम असं. दवाखान्यांतले डॉक्टर एक्स-रे आणि स्कॅन बघतात आणि काय दिसतंय ते तोंडी बोलून ठेवतात. ते आम्ही हेडफोन लावून ऐकायचं, पायाखालच्या पेडलनं थांबवत-चालवत टाइप करायचं आणि रिपोर्ट दवाखान्याला परत पाठवायचा. आता डॉक्टर कितीही मोठा असला तरी दिवसभर बोलून बोलून तेच बोलणार. 'फुप्फुसं स्वच्छ, हृदयाचा आकार नेहमीइतका' हे वाक्य आम्ही दर वेळी मुळापासून बडवायचो. काका दोन अक्षरं दाबायचे आणि अख्खं वाक्य पडद्यावर उभं राहायचं. फुप्फुसांचं वेगळं, मणक्याचं वेगळं, गुडघ्याचं वेगळं. नोकरीतली सगळी वर्षं त्यांनी अशी वाक्यं वेचून ठेवली होती. एखादा डॉक्टर निवृत्त झाला की त्याची खास वाक्यं बाद, नवा आला की आठवडाभर कान देऊन त्याची लकब टिपायची आणि तिला दोन अक्षरांचं टोपडं चढवायचं. आम्ही अर्धा रिपोर्ट करेपर्यंत काका तिसऱ्या रिपोर्टात असायचे, आणि वर मान वळवून विचारायचे, "काय रे, पेशंट बरा होऊन घरी गेला का तुझा?"

ही यादी ते कुणाला देत नसत. मागितली तर म्हणत, "आधी बोटं धुऊन ये."

यादी राहायची कुठे, तर सर्व्हरवर. हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच आहे. आम्ही बसायचो त्या खोलीतली मशीन म्हणजे नुसते पडदे आणि कळफलक. मजकूर लिहायचा एडिटर चालायचा शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुख्य कार्यालयातल्या एका थंड खोलीत. आपण इथे कळ दाबायची, तिकडे अक्षर उमटायचं आणि त्याचं चित्र इथे दिसायचं. लाइन बरी असली तर काही कळायचं नाही. लाइन पेंगली की 'गुडघा' टाइप करून पाणी पिऊन यावं तेव्हा 'गु' आलेला असायचा.

आम्ही पोरं कुरकुरायचो. टेबलावर चांगलं दणकट मशीन द्या, त्याच्या आतच एडिटर चालू दे, अक्षर बोटाखाली उमटू दे, काम झालं की फाइल पाठवून देऊ, एवढंच आमचं म्हणणं. काकांना ते ऐकवत नसे. त्यांचं म्हणणं, टेबलावरचं मशीन म्हणजे भाड्याची खोली. आज आहे, उद्या वीज गेली की अंधार. सर्व्हर म्हणजे घर. इथला पडदा फुटला तर शेजारच्या पडद्यावर जाऊन बसा, तुमचं वाक्य जिथे सोडलं होतं तिथेच, कर्सर लुकलुकत, दारात वाट बघणाऱ्या बायकोसारखा उभा. मावशी कधी कुणाची वाट बघत दारात उभी राहिल्याचं मला आठवत नाही, पण उपमा देताना काका घरचा विचार करत नसत.

या सर्व्हरचा रखवालदार म्हणजे आमचे तीर्थरूप.

बाबा आणि काका साडू. काका थोरले, बाबा धाकटे. साडूचं नातं मजेशीर असतं. दोघांना एकाच सासऱ्यानं पारखलेलं असतं, आणि आपण जास्त भावात गेलो अशी दोघांचीही मनातून खात्री असते. पण या दोघांचं जमायचं. बाबांना नोकरी लागली ती काकांच्या शब्दावर. त्या काळी बाबांचं दुकान बुडालं होतं आणि आई माहेरी जाऊन बसायच्या बेतात होती. काकांनी साहेबांना सांगितलं की माझा साडू वायरीतला माणूस आहे. बाबांना वायरीतलं खरोखरच कळत होतं, एवढं खरं. बाबा रुजू झाले, वर चढले आणि थंड खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला आली. आमच्या छोट्या गावच्या शाळेतसुद्धा संगणकाची एक खोली होती आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या कमरेला असायची. त्यामुळे किल्ली ज्याच्याकडे तोच त्या विषयातला जाणकार, हे मी लहानपणीच शिकलो होतो.

लाइन पेंगली की काका बाबांना निरोपाच्या खिडकीतून एकच ओळ पाठवत: 'साडूभाऊ, उठा, तुमचा सर्व्हर घोरतोय.' ही ओळ इतक्या वेळा लागायची की तिलाही त्यांनी दोन अक्षरं देऊन टाकली होती. पलीकडून बाबांचं उत्तर यायचं, 'थोरल्यांनी जरा धीर धरावा.' खोलीत हशा व्हायचा.

एकदा रविवारी आमच्याकडे जेवायला आले असताना काकांनी विचारलं होतं की यादीची एक प्रत घरी घेऊन ठेवू का. घरी त्यांचं एक जुनं मशीन होतं, मावशी त्यावर फुलदाणी ठेवायची. बाबांनी साफ नको म्हटलं. ऑफिसचा मजकूर बाहेर नेणं नियमात बसत नाही, आणि गरजच काय? "साडूभाऊ, तुमचं घर माझ्या सर्व्हरवर आहे. मी रोज दोनदा राखण करतो. तुम्ही निर्धास्त झोपा." काका निर्धास्त झोपले. घोरलेसुद्धा असतील.

मग ऑफिसात नवं वारं आलं. व्यवस्थापिकाबाई नव्या होत्या, बोलायला मऊ आणि ठरवायला कडक. त्यांनी जाहीर केलं की सर्वांना टेबलावर स्वतःची मशीन मिळणार, एडिटर त्यातच चालणार, सर्व्हर आता फक्त फाइली ठेवायचं कोठार. आम्ही पोरांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी चष्मा पुसला. त्याच वेळी बाईंनी आणखी एक सांगितलं: काम वेगानं होणार, तेव्हा रिपोर्ट बाहेर जाण्याआधी वाचणारा एक मुख्य तपासनीस नेमायचा आहे. बसून वाचायचं काम, पेडल नाही, हेडफोन नाही.

काकांचे कान गेले होते. म्हणजे ऐकू येत होतं, पण दिवसभर हेडफोन लावून रात्री डोक्यात शिट्टी वाजायची, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे काम सोडा नाहीतर उरलेलंही जाईल. हे घरात मावशीला आणि ऑफिसात मला ठाऊक होतं. तपासनिसाची खुर्ची त्यांना हवी होती ती मिरवायला नव्हे. मिरवायला यादी होतीच. खुर्ची हवी होती ती कानांसाठी.

त्यांनी बेत केला. इतकी वर्षं मुठीत ठेवलेली यादी बाईंपुढे उघडायची, नव्या मशीनवर सगळ्यांना द्यायची, आणि म्हणायचं, ज्यानं ही वाक्यं जमवली त्याच्याशिवाय ती तपासायला कोण बरं? बेत चांगला होता. तो त्यांनी एका माणसाला सांगितला. आमच्याच बैठकीत, मी समोर असताना.

बाबा म्हणाले, "घाई नको. बाई नव्या आहेत, आपलं आपण मिरवलं तर नजरेत खुपतं. वेळ साधून मीच त्यांच्या पुढ्यात घालतो."

काका मला म्हणाले, "बघ. नातं असावं तर असं."

नव्या मशीनच्या शिकवणीच्या दिवशी बाबा मुख्य कार्यालयातून आमच्या खोलीत आले. इस्त्रीचा शर्ट, हातात मशीनला वायरीनं बांधलेला माउस, जणू लगाम. बाई शेजारी उभ्या. बाबांनी एडिटर उघडला आणि म्हणाले, आता एक गंमत बघा. दोन अक्षरं दाबली. पडद्यावर उमटलं, 'फुप्फुसं स्वच्छ, हृदयाचा आकार नेहमीइतका.' पुन्हा दोन अक्षरं, मणका. पुन्हा दोन, गुडघा. पोरांनी टाळ्या पिटल्या. एडिटरच्या कपाळावर ओळ होती: शब्दसंच, आणि खाली 'रचना' म्हणून बाबांचं नाव. बाई म्हणाल्या की यांनी हे किती महिने घरी बसून केलं, कुणाला पत्ताही नाही.

शेवटचा भाग खरा होता.

मी काकांकडे बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती. पण त्यांचा पडदा माझ्या डाव्या हाताला होता, तो दिसत होता. काकांनी सगळ्यांसारखं कोरं पान उघडलं. थोडा वेळ बोटं कळांवर नुसती टेकून ठेवली. मग दोन अक्षरं दाबली आणि पानाच्या माथ्यावर आलं:

'साडूभाऊ, उठा, तुमचा सर्व्हर घोरतोय.'

चोरानं अख्खं घर उचललं होतं, पण गाठोडं उघडून बघायचा कंटाळा केला होता. बाबांकडे प्रत्येकाच्या घराची किल्ली होती; काकांच्या घरातून यादी उचलली, नव्या मशीनमध्ये ओतली, वर नाव घातलं, झालं. काका त्या ओळीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता उठतील, पडदा बाईंकडे फिरवतील. ती एक ओळ पुरली असती. त्यांनी मागची कळ दाबून धरली आणि ओळ उलटी, एकेक अक्षर करून, पुसून टाकली. मग एक गुडघा मागवला, एक खांदा मागवला, आणि कपाळाला आठी घालून काहीतरी शोधत बसले.

संध्याकाळी ते आमच्या घरी आले. चपला दारातच काढल्या पण आत पाऊल टाकलं नाही. आईनं बसा म्हटलं, बसले नाहीत. काका ओरडतील असं मला वाटलं होतं. ते हळूच, कुणाचा तरी निरोप सांगितल्यासारखं बोलले. एवढंच विचारलं, की असं का केलंत.

बाबांनी आधी हसून बघितलं. मग म्हणाले, नाव कुणाचं का असेना, घरातच राहिलं ना. मग म्हणाले, बाईंनी विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं. काका गप्प. काका गप्प राहिले की बाबांना खरं बोलावं लागायचं, आणि खरं बोलायची बाबांना सवय नसल्यानं ते फार कडू यायचं.

"ते सर्व्हरवर होतं, साडूभाऊ. सर्व्हरवरचं ते ऑफिसचं. तुमच्या स्वतःच्या मशीनवर असतं तर तुमचं."

"माझ्या मशीनवर नको म्हणून कोणी सांगितलं?"

"मी सांगितलं. तुम्ही ऐकायला नको होतं."

आईनं स्वयंपाकघरात भांडं आपटलं. काकांनी चपला घातल्या. एवढं होऊनही माणसाचा स्वभाव बघा: जाता जाता वळून ते म्हणाले की एक ध्यानात ठेवा, यादी नेलीत पण थांबा नेला नाहीत, तेवढं उद्याच्या उद्या बघा.

थांबा म्हणजे काय ते बाबांना कळलं नाही आणि विचारायची लाज वाटली. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. काकांच्या शेजारी बसून मी तो रोज बघत होतो. शरीराला बाजू असतात. गुडघा डावा की उजवा, खांदा डावा की उजवा. काकांच्या यादीत अशा सगळ्या वाक्यांत 'डावा' लिहिलेलं होतं, नुसतं जागा धरायला, जसा आपण बाकावर रुमाल टाकतो. पण सर्व्हरवरच्या त्यांच्या एडिटरला त्यांनी शिकवून ठेवलं होतं की वाक्य आलं की कर्सर उडी मारून त्या शब्दावर बसायचा, आणि बाजू सांगितल्याशिवाय एडिटर पुढे अक्षर घेत नसे. ही शिकवण यादीत नव्हती. ती एडिटरच्या सेटिंगमध्ये होती, वेगळ्या फाइलीत. बाबांनी फाइल एकच उचलली होती. नव्या मशीनमध्ये रुमाल आला आणि बाकावर बसणारा माणूस मागे राहिला.

मी त्या रात्री बाबांना सांगायला गेलो. ते म्हणाले, काकांची बाजू घेऊन मला शिकवू नकोस, आणि पाठ फिरवून झोपले. मी माझ्यापुरते डावे-उजवे तपासू लागलो आणि शेजारच्या दोघा-चौघांच्या कानावर घातलं. पण बोटाखाली आयतं वाक्य येऊ लागलं की डोळे वाचायचं सोडतात. खोलीभर पेडलांचा आवाज दुप्पट झाला, रिपोर्ट भराभर जाऊ लागले आणि बाई खूश झाल्या.

मग एका दवाखान्यातून फोन आला. शस्त्रक्रियेच्या टेबलावर आडवा असलेला पेशंट नर्सला म्हणाला होता, बाई, पट्टी बांधताय तो गुडघा ठणठणीत आहे, दुखणारा दुसरा. पेशंट बोलका होता म्हणून निभावलं. भूल आधी दिली असती तर निभावलं नसतं. दवाखान्यानं मागचे रिपोर्ट काढून बघितले, आणि खांदे, गुडघे, मूत्रपिंडं, सगळा गाव डावरा निघाला.

बाई केबिनमधून खोलीत आल्या. बाबांना मुख्य कार्यालयातून बोलावून घेतलं होतं. हातात रिपोर्टांचा गठ्ठा. सगळी पेडलं थांबली. त्यांनी आवाज न चढवता विचारलं, ही वाक्यं मुळात कोणी लिहिली.

ज्या माणसाला इतके दिवस हा प्रश्न कुणी विचारू नये असं वाटत होतं, त्याला उत्तर द्यायला क्षणही लागला नाही. बाबा काकांकडे बोट करून म्हणाले, "यांनी. यादी मूळ यांची आहे. 'डावा' यांनीच लिहून ठेवलंय. मी नुसती मशीनमध्ये टाकली."

खोलीतले सगळे काकांकडे वळले. जिच्यासाठी वर्षानुवर्षं ते बोटं धुऊन यायला तयार होते ती यादी कुणाची, हे त्यांना ठाऊकच होतं. पण शिकवणीच्या दिवशी त्यांनीही बाबांसाठीच टाळ्या वाजवल्या होत्या, त्यामुळे एकेक मान पुन्हा आपापल्या पडद्याकडे वळली. मी उठलो. म्हणालो की काकांनी थांब्याचं आमच्या दारात बाबांना सांगितलं होतं, मी ऐकलंय. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या नाही, शेजारच्यांच्या घरात जन्मलो असावा. बाई म्हणाल्या की घरगुती साक्षी इथे नकोत, आणि काकांना विचारलं, यादी तुमची आहे का.

काका उभे राहिले. हेडफोन गळ्यात होता तो काढून टेबलावर ठेवला.

नाही म्हणाले असते तर सुटले असते. रचनेखाली नाव दुसऱ्याचं होतं, मशीनवर पुरावा होता. हो म्हटलं तर गुडघे पदरात येणार होते. मी त्यांच्याकडे बघत मनात म्हणत होतो, नाही म्हणा, एकदा तरी लबाडी करा, त्यांच्याकडून थोडी उसनी घ्या.

"माझी आहे," काका म्हणाले. "एकूण एक वाक्य माझं आहे."

आणि ते म्हणताना त्यांचा आवाज चक्क ताठ होता. त्या खोलीत सगळ्यांच्या देखत यादी त्यांच्या नावावर झाली ती अशी. त्याच दुपारी बाबांनी एडिटरच्या कपाळावरून स्वतःचं नाव खोडून काकांचं घातलं. इतक्या तत्परतेनं बाबांनी कुठलंही काम केलेलं मी पाहिलेलं नाही.

काकांनी थांबा सगळ्या मशीनवर बसवून दिला, तसं बाईंनी सांगितलंच होतं. तपासनिसाच्या खुर्चीवर दुसरीकडून आणलेला माणूस बसला. बाई म्हणाल्या, ज्याच्या यादीतून चूक गेली त्यालाच तपासायला बसवलं तर दवाखाने काय म्हणतील. तर्काला धरून होतं. बाबा जागच्या जागी राहिले, थंड खोलीत, किल्ली कमरेला. काका पुन्हा पेडलवर.

थोड्या दिवसांनी त्यांनी स्वतःच राजीनामा दिला. मावशीनं सांगितलं, हल्ली ती डाव्या बाजूनं बोलली की त्यांना ऐकू येत नाही. आईनं दोनदा डबा पाठवला, दोन्ही वेळा डबा धुऊन, रिकामा, निरोपाशिवाय परत आला.

मी गेलो तेव्हा फुलदाणी जमिनीवर होती आणि काका त्या जुन्या मशीनसमोर बसले होते. यादी पुन्हा पहिल्यापासून टाइप करत होते, आठवून आठवून. ज्या डॉक्टरांची वाक्यं होती त्यातले काही वारले, काही परगावी गेले. ती आता कुणाच्या उपयोगाची होती, असं मी विचारलं नाही. मशीन कुठल्याच लाइनला जोडलेलं नव्हतं. भिंतीतली वायर उपटून तिचं टोक त्यांनी खिळ्याला गुंडाळून ठेवलं होतं.

मी उजव्या बाजूला बसलो आणि म्हणालो, कशाला डोकं शिणवताय, माझ्या मशीनवर अख्खी यादी आहे, उद्या पेनड्राइव्हवर आणून देतो. कुणाला कळणारही नाही.

काकांची बोटं थांबली. ते माझ्याकडे वळून हसले. त्या हसण्यात राग असता तर बरं झालं असतं.

"नको रे," म्हणाले. "तू चांगला आहेस. पण नको."

मावशीनं चहा आणून ठेवला. काकांनी कपाला जागा करायला म्हणून पडदा जरा सरकवला, आणि तो सरकवताना भिंतीकडे एवढा वळवला, की मी बसलो होतो तिथून त्यावरचं अक्षरही दिसू नये.